लिफ्ट किट बसवल्यावर फक्त टो जुळवला तर चालेल का?

पिकअपला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे (दोन्ही चाकं आपापली वर-खाली होतात), स्पेसर (उंची वाढवणारे ठोकळे) घालून गाडी २ इंच लिफ्ट केली, म्हणजे उचलली, नंतर टो (वरून पाहिलं तर चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) जुळवून घेतला, तरी ताशी ८० किमीच्या पुढे गाडी भरकटते आणि स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. रिपोर्टमध्ये टो हिरवा, म्हणजे रेंजमध्ये, दिसतो, मग पूर्ण अलाइनमेंटची (चाकांचे सगळे कोन जुळवण्याची) गरज आहे का, असं तुम्ही विचारलंय. आहे, आणि लवकर करून घ्या. टायरची हवा बरोबर असेल आणि कुठल्या जॉइंटमध्ये खेळ नसेल, तर माझा पहिला संशय कॅस्टरवर आहे. टो कितीही अचूक बसवला तरी त्याने कॅस्टर सुधारत नाही.

चाक वळतं ते वरच्या आणि खालच्या बॉल जॉइंटमधून (चाकाकडच्या गोल सांध्यांमधून) जाणाऱ्या रेषेभोवती. गाडीकडे बाजूने पाहिलं तर ही रेषा वरच्या टोकाला थोडी मागे कललेली असते. हा कल म्हणजे कॅस्टर. सायकलचं हँडल सैल धरलं तरी ती सरळ जाते, त्यात पुढच्या चिमट्याच्या कलाचा हात असतो, इथेही तसंच. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येत नाही आणि वेगात गाडी रस्त्याच्या प्रत्येक उंचवट्यावर दिशा बदलू पाहते.

लिफ्टमध्ये चेसिस वर जाते, चाकं जमिनीवरच राहतात, म्हणून कंट्रोल आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारे वरचे-खालचे दांडे) नेहमीपेक्षा खाली झुकतात. ब्रेक दाबल्यावर गाडीचं नाक फार दबू नये यासाठी बऱ्याच गाड्यांत आर्मचे पिव्होट (चेसिसकडचे बिजागर) थोडे तिरके बसवलेले असतात. त्या तिरकसपणामुळे आर्म खाली येताना वरचा बॉल जॉइंट पुढे सरकतो आणि कॅस्टर जातो. मागचे पाटे पुढच्यापेक्षा जास्त उचलले असतील तर चेसिस पुढे झुकते आणि जितके अंश झुकते तितका कॅस्टर आणखी घटतो. सोबत कॅम्बरही (समोरून पाहिलं तर चाक आत किंवा बाहेर किती कललं आहे तो कोन) बदलतो.

टो बदलतो कारण टाय रॉडही (स्टिअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा) तिरका होतो. टो चुकलेला राहिला तर टायर सगळ्यात भराभर झिजतो, म्हणून दुकानदार आधी तोच जुळवतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. मला हे पटत नाही. टायर वाचतो, पण वेगात गाडी ताब्यात ठेवायला लागतो तो कॅस्टर.

बऱ्याच पिकअपमध्ये खालच्या आर्मच्या मुळाशी दोन कॅम बोल्ट (फिरवले की आर्मचं टोक थोडं सरकवणारे बोल्ट) असतात. दोन्ही एका दिशेला फिरवले की मुख्यतः कॅम्बर बदलतो, उलट दिशांना फिरवले की कॅस्टर. माझी पद्धत अशी: आधी कॅस्टर कंपनीच्या रेंजच्या वरच्या टोकाकडे न्यायचा, मग कॅम्बर शून्याजवळ आणायचा, टो सगळ्यात शेवटी, कारण आधीच्या दोन्ही बदलांनी तो हलतोच. डाव्या-उजव्या कॅस्टरमध्ये अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक ठेवू नका. गाडी कमी कॅस्टरच्या बाजूला ओढते. जुन्या गाडीत हे बोल्ट बुशच्या (आर्मच्या मुळातल्या रबरी सांध्याच्या) नळीत गंजून जाम झालेले असतात. आदल्या दिवशीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बोल्ट फिरत नाही म्हणून दुकानदार नुसता टो करून देतो, असंही होतं.

कॅम टोकापर्यंत फिरवूनही कॅस्टर मिळत नसेल तर वरचे कंट्रोल आर्म बदलावे लागतात. लिफ्टसाठीच्या आर्ममध्ये बॉल जॉइंट थोडा मागे बसवलेला असतो, शिवाय तो जास्त झुकलेल्या कोनातही अडकत नाही. २ इंचांवर हा खर्च कधी टळतो, कधी नाही. ३ इंचांना मी आर्म धरूनच हिशेब करतो.

पुढे अखंड अॅक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर) असलेल्या गाडीत कॅम्बर लिफ्टने बदलत नाही. तिथे कॅस्टर आणि स्टिअरिंग मध्यावर आहे का, एवढं बघा.

अलाइनमेंटला जाण्याआधी एक गोष्ट नक्की तपासा. आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असताना शेवटचे कसले होते का? चाकं लटकत असताना कसले असतील तर रबर कायम पिळलेलं राहतं, उंची चुकते आणि बुश लवकर फाटतात. मोठे टायर, बंपर, विंच जे काही लावायचं असेल ते आधी लावा, नेहमीचं वजन गाडीत ठेवूनच माप घ्या. नवीन स्प्रिंग असतील तर काहीशे किलोमीटरनंतर त्या थोड्या बसतात, तेव्हा पुन्हा तपासणी करून घ्या. गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल असेल तर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगा, आणि हेडलाइट खाली करून घ्या. लिफ्टनंतर ते समोरच्याच्या डोळ्यांत जातात.

दुकानातून अलाइनमेंटच्या आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही रिपोर्ट मागा. आत्ताच्या रिपोर्टमध्ये दोन्ही बाजूंच्या कॅस्टर आणि कॅम्बरचे आकडे असतील तर इथे टाका, म्हणजे कॅम बोल्टवर भागेल की आर्म बदलावे लागतील याचा अंदाज देतो.