पडवीतल्या होडीसाठी

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तू आणि तुझ्या मित्राने मिळून पडवीत होडी बांधायचं नक्की केलंत, छान झालं. सागवानी फळ्यांचा विचार मात्र सध्या सोड. फळी वाफवून वाकवणं, सांध्यांत कापूस ठोकणं हे मुरलेल्या मेस्त्रीचं काम. तुम्ही प्लायवुड तांब्याच्या तारेने टाचून इपॉक्सीने, म्हणजे हार्डनर मिसळला की घट्ट होणाऱ्या राळेने, जोडा. १९६३ साली इंग्लंडात निघालेली ‘मिरर’ ही जेमतेम ११ फुटी शिडाची होडी अशीच तारेने टाचून बांधायचे. टीव्हीवर घरकाम शिकवणारा बॅरी बकनेल आणि होड्यांचे आराखडे करणारा जॅक होल्ट, तीही दोघांचीच कामगिरी. हौशी लोकांनी ती घरोघरी बांधली.

प्लायवुडवर आयएस ७१० चा, म्हणजे सागरी प्लायवुडच्या भारतीय मानकाचा, शिक्का बघ, पण नुसत्या शिक्क्यावर विसंबू नकोस. कडेला डोळा लावून आतल्या थरांत पोकळी आहे का पाहा. एक तुकडा घरी चार-सहा तास उकळ. थर सुटले तर तो माल कपाटाला ठीक.

तारा टाचून झाल्या की होडी उभी राहिलेली दिसते आणि दोघांनाही घाई सुटते. तिथेच थांबा. तेव्हा ती लुळी असते आणि तिच्यात नकळत पीळ राहतो. दोन सरळ पट्ट्या घे. एक नाळेजवळ, म्हणजे पुढच्या टोकाशी, दुसरी मागे, काठांवर आडव्या ठेव. होडीच्या मागे उभं राहून, वाकून एक डोळा मिटून बघ, दोन्हींच्या कडा समांतर दिसायला हव्यात. एक टोक वर दिसलं तर तू जागेवरून सांगायचं आणि मित्राने टेकूखाली पाचर सरकवायची. जोडीदार खरा लागतो तो इथे. इपॉक्सी धरलं की पीळ कायमचा, मग होडी सारखी एका बाजूला ओढते. पीळ आहे की नाही यावर वाद होणारच. जागा बदलून बघा, आणि ज्याला पीळ दिसतो त्याचं ऐका.

इपॉक्सी एकानेच कालवायचं, दुसऱ्याने लावायचं. मध्येच अदलाबदल केली की हार्डनर घातला की नाही, याचाच पत्ता राहत नाही. लवकर सुकावं म्हणून तो जास्त घालू नका. प्रमाण बिघडलं की चिकटच राहतं. खोल कपात ठेवलेलं मिश्रण तापतं, कधी धूरही येतो, म्हणून लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. हातमोजे हवेतच. आणि सुरुवात दिवाळीनंतर करा, कारण पावसाळी हवेत इपॉक्सीवर मेणचट थर येतो आणि त्यावर दिलेला पुढचा हात नीट धरत नाही.

खर्चाची वही एकच ठेवा. एक जण नोकरीसाठी गाव सोडून गेला तर होडी कोणाची, हे आत्ताच बोलून घ्या.

बसायच्या फळ्यांखालचे हवाबंद कप्पे सामानासाठी उघडे ठेवायचा मोह होईल. अजिबात नको, पाणी भरलं तरी होडीला तेच तरंगवतात. खाडीत नेण्याआधी कंबरभर पाण्यात तिच्यात मुद्दाम पाणी भरा आणि दोघं धरून राहिलात तरी तरंगते का बघा. लाइफ जॅकेट तेव्हाही अंगात हवं.

आराखडा आला की प्रत पाठव, आणि पडवीच्या खांबांमधलं अंतर मोजून कळव.

तुझा,
काका