एम-टूची केटी: क्लास कोणत्या पेपरचा लावायचा?

प्रश्न: मी मुंबई विद्यापीठात इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, कॉम्प्युटर शाखेत आहे. दुसऱ्या सत्राचा एम-टू (इंजिनीअरिंग मॅथेमॅटिक्स-टू) राहिला, म्हणजे केटी लागली. ८० पैकी २१ मिळाले. आता एम-थ्री सुरू झाला आहे. घरून एकाच विषयाच्या क्लासची फी मिळू शकते. सीनियर म्हणतात, एम-टू कच्चा असेल तर एम-थ्री डोक्यावरून जाईल. कोणता क्लास लावू?

उत्तर: एम-टूचा लावा. मात्र सीनियर सांगतात ते त्याचे कारण नव्हे. खरे कारण नियमात आहे. पहिल्या वर्षाचे सगळे विषय निघाल्याशिवाय तिसऱ्या वर्षाला प्रवेश मिळत नाही. एम-थ्री राहिला तर तो पुढे नेता येतो. एम-टू राहिला तर वर्ष जाते. शिवाय एम-थ्रीची लेक्चर्स कॉलेजात रोज होत आहेत, एम-टू मात्र तुम्हाला आता कुणी शिकवणार नाही. एटीकेटीचे, म्हणजे राहिलेले विषय घेऊन पुढच्या वर्षाला जाण्याचे, बाकीचे नियम स्कीमप्रमाणे (अभ्यासक्रमाच्या आवृत्तीप्रमाणे) बदलतात. तुमच्या स्कीमचे नियम परीक्षा विभागातून लेखी घ्या, मित्रांच्या सांगण्यावर राहू नका.

आता सीनियरांच्या म्हणण्याबद्दल. ‘सी’ स्कीमच्या (२०१९च्या अभ्यासक्रमाच्या) एम-थ्रीत मुख्यतः लाप्लास, इन्व्हर्स लाप्लास, फुरिए सिरीज आणि कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स आहेत. यांना एम-टूमधले फार थोडे लागते: अपूर्णांक घातांच्या लाप्लाससाठी गॅमा फंक्शन आणि लाप्लासने डिफरन्शिअल इक्वेशन सोडवताना त्या समीकरणांची ओळख. जास्त लागते ते बारावीचे इंटिग्रेशन. कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्समधल्या कॉशी-रीमान समीकरणांना एम-वनचे पार्शल डिफरन्सिएशन लागते. एम-टूमध्येही बरेच जण बारावीच्याच इंटिग्रेशनवर अडकतात, त्यामुळे दोन्ही पेपर एकाच ठिकाणी गळतात आणि एकामुळे दुसरा राहिला असे वाटते.

म्हणून फी भरण्याआधी एका बैठकीत, वही न उघडता, ही चार उदाहरणे सोडवा. वेळ ४० मिनिटे. (१) लॉग (साइन क्ष²) चे डेरिव्हेटिव्ह. उत्तर २क्ष कॉट क्ष². (२) क्ष गुणिले ई चा २क्ष घात, याचे बाय पार्ट्स इंटिग्रेशन. (३) (एस + ३) / ((एस + १)(एस + २)) चे पार्शल फ्रॅक्शन. एस = −१ ठेवून २ आणि एस = −२ ठेवून −१ आले पाहिजे. (४) डीवाय बाय डीएक्स + य/क्ष = क्ष². इंटिग्रेटिंग फॅक्टर क्ष, उत्तर क्ष·य = क्ष⁴/४ + सी.

पहिल्या तिन्हींपैकी दोन चुकली तर कोणताही क्लास लगेच लावू नका. तीन आठवडे बारावीच्या पाठ्यपुस्तकाचा दुसरा भाग घ्या आणि डेरिव्हेटिव्ह, इंडेफिनिट व डेफिनिट इंटिग्रेशन एवढेच रोज दहा-दहा उदाहरणांनी पक्के करा. क्लासमध्ये सर फळ्यावर दोन पायऱ्या गाळून पुढे जातात. त्या दोन पायऱ्या हाताला येत नसतील तर फी वाया जाते. पहिली तिन्ही बरोबर आणि फक्त चौथे चुकले तर तुमची अडचण खरोखर एम-टूचीच आहे. मग क्लासचा पुरता उपयोग होईल.

उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवायची मुदत गेली नसेल तर ती जरूर मागवा. २१ गुण कुठे मिळाले यापेक्षा ५९ कुठे गेले ते पाहा. लिहिलेच नाही, पद्धत चुकली की आकडेमोड चुकली, असे तीन रंगांनी खुणा करा. पास व्हायला ३२ लागतात, म्हणजे ११ गुणांची तूट आहे. ‘सी’ स्कीमच्या पेपरात पहिला प्रश्न सक्तीचा आणि उरलेल्या पाचांतले कोणतेही तीन. प्रत्येक प्रश्न २० गुणांचा. हे प्रश्न मिश्र असतात, त्यामुळे एखादे मोड्यूल (अभ्यासक्रमाचा एक भाग) पूर्ण सोडले तर बहुतेक प्रत्येक प्रश्नात त्याचे सहा-आठ गुण कापले जातात. ‘तीनच मोड्यूल कर, पास होशील’ हा सल्ला म्हणूनच आम्हाला पटत नाही.

एम-टूत सर्वाधिक पडझड डबल इंटिग्रलमध्ये होते, विशेषतः इंटिग्रेशनचा क्रम बदलताना. नेहमीचे उदाहरण: क्ष ० ते १, आत य क्ष ते १, आणि इंटिग्रेट करायचे ई चा य² घात. य च्या दिशेने याचे इंटिग्रेशन नेहमीच्या सूत्रांनी होतच नाही, म्हणून तर क्रम बदलायला सांगितलेला असतो. विद्यार्थी काय करतो? आकृती न काढता दोन इंटिग्रल चिन्हांची जागा बदलतो. मग ‘क्ष ते १’ ही मर्यादा बाहेर येते आणि उत्तरात क्ष शिल्लक राहतो. बाहेरच्या मर्यादेत व्हेरिएबल दिसला की चूक झालीच, हे तिथेच ओळखता येते. खरी रीत अशी: य = क्ष, य = १ आणि क्ष = ० या रेषा काढा, त्रिकोण मिळेल. मूळ पट्टी उभी होती, आता आडवी घ्या. ती क्ष = ० पासून सुरू होऊन य = क्ष या रेषेवर संपते, म्हणून क्ष ० ते य. पट्ट्या तळापासून वरपर्यंत सरकतात, म्हणून य ० ते १. आतले इंटिग्रेशन झाले की य गुणिले ई चा य² घात उरतो, तो सबस्टिट्यूशनने सुटतो. उत्तर (ई − १)/२. आकृतीवर दोन मिनिटे जातात, पण तिच्याशिवाय पूर्ण उदाहरण जाते. आकृती न काढता मर्यादा सांगणाऱ्या क्लासपासून लांब राहा.

रुंगे-कुट्टाचे (डिफरन्शिअल इक्वेशनचे उत्तर टप्प्याटप्प्याने आकड्यांत काढण्याच्या पद्धतीचे) गुण त्या मानाने सोपे आहेत. तिथे एकच चूक वारंवार दिसते: के-टू काढताना य मध्ये के-वनचा अर्धा मिळवायचा असतो, मुले पूर्ण मिळवतात. डीवाय बाय डीएक्स = क्ष + य, य(०) = १, एच = ०.१ घेतले तर के-वन ०.१ आणि के-टू ०.११ येते. ०.११५ आले तर तुम्ही पूर्ण मिळवले आहे.

आणि एम-थ्री? कॉलेजची लेक्चर्स एकही न चुकवता करा. लाप्लासचा तक्ता पहिल्याच पंधरवड्यात पाठ हवा.

प्रश्न: डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आले. एम-थ्री राहिला. एम-वन, एम-टू कधी शिकलेच नाही. ते दोन्ही कोर्स आधी पूर्ण करावेत का?

उत्तर: नको. ते पेपर तुम्हाला द्यायचे नाहीत आणि त्यांतला अर्ध्याहून अधिक भाग एम-थ्रीला लागत नाही. चार गोष्टी निवडून घ्या: बाय पार्ट्स, पार्शल फ्रॅक्शन, कॉम्प्लेक्स नंबरचे पोलर रूप आणि पार्शल डिफरन्सिएशन. पहिल्या दोन डिप्लोमात झाल्या असतील, पण हात बसलेला नसेल. त्यानंतर मोड्यूलचा क्रम असा ठेवा: लाप्लास, मग इन्व्हर्स, मग फुरिए, शेवटी कॉम्प्लेक्स व्हेरिएबल्स. फुरिएत पहिले काम फंक्शन सम आहे की विषम ते तपासणे. −पाय ते पाय या अंतरावर क्ष² सम आहे, म्हणून साइनचे सगळे सहगुणक शून्य. हे न पाहता मुले पानभर आकडेमोड करतात. कॉस एन-पाय म्हणजे (−१) चा एन-वा घात आणि साइन एन-पाय म्हणजे ०, हे पानाच्या कोपऱ्यात आधीच लिहून ठेवा. क्लास लावायचाच असेल तर डिप्लोमावाल्यांची स्वतंत्र बॅच असणारा पाहा. नसेल तर या चार गोष्टी आधी घरी करून मगच साध्या बॅचला बसा.

प्रश्न: मुलगा अकरावी कॉमर्सला गणितात नापास झाला. गणित सोडून एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घ्यावे का? त्याला सीए व्हायचे आहे.

उत्तर: सीएला बारावीत गणित असण्याची अट नाही. पण फाउंडेशनचा, म्हणजे सीएच्या पहिल्या परीक्षेचा, तिसरा पेपर क्वांटिटेटिव्ह ॲप्टिट्यूडचा आहे. तो १०० गुणांचा, बहुपर्यायी प्रश्नांचा आणि चुकीला पाव गुण कापणारा असतो. त्यात व्यावसायिक गणित आणि संख्याशास्त्र येते. म्हणजे आज सोडलेले गणित तिथे पुन्हा करावेच लागणार. अकरावीच्या फेरपरीक्षेत तो थोडक्यात राहिला असेल तर गणित ठेवा. दहावीचे बीजगणितच जमत नसेल तर एसपी घेणे शहाणपणाचे, मात्र बारावीच्या सुट्टीत फाउंडेशनचे गणित शून्यापासून करायची तयारी हवी. विषय बदलाची मुदत आणि अटी कॉलेजच्या कार्यालयात याच आठवड्यात विचारा. मुदत टळली तर निवडीचा प्रश्नच उरत नाही.