पाणीटंचाईबद्दल पुण्यात भिंतीवरची चित्रं काढून काही फरक पडतो का?

पडू शकतो, पण थेंब गळणारा नळ आणि खाली ‘पाणी वाचवा’ असं चित्र नको. ते इतक्या वेळा पाहिलंय की आता दिसतच नाही. आणि ते सोसायटीच्या टँकरसाठी पैसे मोजणाऱ्याला काय नवीन सांगणार?

चित्रात माहिती हवी. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर मिळून साधारण 29 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यात एकट्या खडकवासल्याचा वाटा जेमतेम 2. एखाद्या वर्दळीच्या चौकात या चार धरणांची मोजपट्टी रंगवा आणि दर आठवड्याला पातळी बदला. खडकवासल्याच्या कालव्याची रेघ पुढे दौंड-इंदापूरपर्यंत न्या, म्हणजे हे पाणी फक्त आपलं नाही हेही दिसेल. महापालिकेच्या भिंतीवर रंगवायचं तर आधी परवानगी घ्या.

मला जास्त आवडणारी कल्पना वेगळी आहे. पेशवाईत कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळानं शहरातल्या हौदांपर्यंत पाणी यायचं. त्या मार्गावर फुटपाथवर निळा पट्टा ओढायचा, हौदांच्या जागी खूण करायची. पेठांमधले निम्मे लोक यावरून रोज चालतात, त्यांना पत्ता नसतो.

गणपतीतले देखावे हे तर आपलं सगळ्यात मोठं रस्त्यावरचं कलादालन. अडचण एवढीच की तेव्हा धरणं बहुधा भरलेली असतात आणि टंचाई कुणाच्या डोक्यात नसते. त्यामुळे भिंतीचं काम मार्च-एप्रिलमध्येच करा.