ब्लेंड कॉफीच्या पाकिटातल्या अख्ख्या बिया नेमक्या कुठून येतात? आणि ब्लेंड म्हणजे भेसळच ना?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चार ओळींत संपेल. दुसऱ्याची मी गेली सहा वर्षं वाट बघतोय.

तुमच्या पाकिटावर 'अरेबिका ७०, रोबस्टा ३०, दक्षिण भारत' एवढंच छापलंय म्हणता. अरेबिका आणि रोबस्टा या कॉफीच्या दोन जाती, आणि त्यांची मिसळ म्हणजे तुमचं ब्लेंड. दक्षिण भारत म्हणजे बहुधा कर्नाटक. देशातली जवळपास ७० टक्के कॉफी तिथेच होते, तीही मुख्यतः कोडगू, चिकमगळूर आणि हासन या तीन जिल्ह्यांत. त्यानंतर केरळचं वायनाड, मग थोडी तमिळनाडू. अरेबिका डोंगराच्या वरच्या अंगाला, साधारण हजार मीटरच्या पुढे. रोबस्टा त्याखाली, जरा उष्ण-दमट भागात. त्यामुळे तुमची अरेबिका चिकमगळूरकडची आणि रोबस्टा कोडगू किंवा वायनाडची, असा माझा अंदाज. मळ्याचं नाव पाकिटावर नाही म्हणून हळहळू नका. त्याचं फार स्तोम माजलंय.

हे मी गुगल करून सांगत नाही. बँकेत होतो, १९९८ ते २००१ हासन जिल्ह्यातल्या सकलेशपूरला. टेबलावर सगळ्या कॉफीवाल्यांच्या पीककर्जाच्या फायली. मार्च-एप्रिलात पहिली सर आली की आठ-दहा दिवसांत डोंगर पांढराफेक व्हायचा आणि वास थेट जाईचा. तिथे त्या सरीला 'ब्लॉसम शॉवर' म्हणतात. ती चुकली की रोबस्टाचं पीक गेलं आणि आमची वसुलीही, त्यामुळे शाखेत आभाळाकडे सगळ्यात जास्त मीच बघायचो. पावसाने साथ दिली तरी भाव देईलच असं नाही. १९९४ मध्ये ब्राझीलात हिमदव पडून भाव गगनाला भिडले होते, त्या भावावर लोकांनी कर्जं काढली, आणि मी बदलून निघालो तेव्हा भाव तळाला होते. असो.

तिथले म्हातारे मळेवाले 'पूल'च्या गोष्टी सांगायचे. १९४० च्या दशकापासून पुढची पन्नासेक वर्षं पिकलेली कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या सामाईक साठ्यात घालावी लागे. पैसे हप्त्याहप्त्याने. प्रतवारी व्हायची, पण एकदा साठ्यात गेली की कुणाची कॉफी कुठली, हा विषयच संपला. सगळी मोकळीक मिळाली १९९६ मध्ये. म्हणजे आपल्या आजोबांनी माटुंग्यात जी फिल्टर कॉफी 'काय कॉफी आहे!' म्हणत प्यायली, ती कुठल्या मळ्यातली हे खुद्द विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. त्यांचं काही बिघडलं नाही.

आता भेसळ. सहा वर्षांपूर्वीच्या भाऊबीजेला आमचे मेहुणे आले. ओवाळून झालं, आणि माझ्या हातात एक जाडजूड पाकीट. "दाजी, हंड्रेड पर्सेंट अरेबिका. तुमचं ते ब्लेंड-बिंड सोडा आता. ब्लेंड म्हणजे काय, चांगल्यात वाईट मिसळायचं आणि पैसे चांगल्याचे घ्यायचे." सगळ्यांसमोर. मी तीन वर्षं कॉफीच्या गावात काढलेला माणूस.

मी काही बोललो नाही. स्टीलचं ताट घेतलं, पाकीट फोडलं आणि मोजून शंभर दाणे ओतले. अरेबिकाचा दाणा लांबट, मधली रेघ नागमोडी, आणि भाजल्यावरही त्या रेघेत फिकट साल अडकलेली दिसते. रोबस्टा ठेंगणा, गोलसर, रेघ पट्टीने ओढल्यासारखी सरळ. चष्मा लावून, तांदूळ निवडावेत तसे दोन ढीग केले. ही म्हणाली, "तांदूळ निवडताना कधी एवढं लक्ष दिसलं नाही." गोल ढिगात चौतीस दाणे निघाले. हंड्रेड पर्सेंटच्या पाकिटात चौतीस! मेहुणे ताटाकडे बघून म्हणाले, "भाजल्यावर आकार बदलतो हो दाजी," आणि चिवड्याकडे वळले.

माझा राग रोबस्टावर नाही, तिला लपवण्यावर आहे. रोबस्टाने दूध घातलेल्या कॉफीला अंग येतं, फेस धरतो, आणि कॅफिन जवळजवळ दुप्पट. नुसत्या अरेबिकात आपल्याइतकं दूध ओता, मग कॉफी शोधत बसा. थालीपिठाच्या भाजणीला कुणी भेसळ म्हणतं का? तिथेही बाजरी वेगळी भाजतात, उडीद वेगळे, मग एकत्र दळतात. चांगले कॉफी भाजणारे हेच करतात, कारण दोन्ही दाण्यांचा आकार आणि कठीणपणा वेगळा. एकाच घाण्यात भाजलं तर एक कच्चा राहतो नाहीतर दुसरा करपतो.

खरी लपवाछपवी बघायची तर दळलेल्या पुडीत बघा. चिकोरी हे मूळ आहे, आपल्याकडे मुख्यतः गुजरात आणि उत्तर प्रदेशात होतं. मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी हवी आणि प्रमाण पुडीवर छापायला हवं, असा नियम आहे. म्हणजे जवळजवळ निम्मी पुडी चिकोरी असली तरी ती कायदेशीर. अख्ख्या बियांत चिकोरी लपत नाही, तुकडे लगेच डोळ्यात येतात. म्हणून बिया घेताय हे उत्तम करताय. भाजल्याची तारीख बघा, महिन्याच्या वरची असेल तर घेऊ नका. आणि ज्याने ७०-३० उघड छापलंय तो मला 'हंड्रेड पर्सेंट'वाल्यापेक्षा जवळचा.

एक सांगायचं राहिलं. दाण्यावरून जात ओळखणं शंभर टक्के खात्रीचं नाही. आपल्याकडे खूप लावलेल्या एस-७९५ या अरेबिका वाणाच्या वंशात लायबेरिका ही तिसरीच जात आहे, तेव्हा थोडं इकडेतिकडे होणार. शिवाय पीबेरी असते: फळात दोनाऐवजी एकच बी धरली की ती वाटाण्यासारखी गोल होते, अरेबिकातही आणि रोबस्टातही. क्युरिंग वर्क्समध्ये, म्हणजे बिया सोलून निवडायच्या कारखान्यात, ती चाळून वेगळी काढतात, पण थोडी राहतेच. तुम्ही ताट घेऊन बसलात तर पीबेरी आधी बाजूला करा. मी त्या दिवशी केली नव्हती. चौतीसमधले सात-आठ दाणे तसे असावेत, हे मला पाहुणे गेल्यावर ताट आवरताना दिसलं. मेहुण्यांना मी अजून चौतीसच सांगतो.