दोनच शस्त्रे ठेवायची, तर कोणत्या बोअरची (म्हणजे नळीच्या आतल्या, इंचांत मोजलेल्या व्यासाची)?
२०१९ च्या शस्त्र कायदा दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येत असल्यामुळे, आजोबांच्या पिस्तुलाच्या मोहात पडण्याआधी त्याची काडतुसे नियमित मिळतात का, हे तुम्ही तपासावे. नेमबाजी शिकायची असेल, तर .२२ बोअर सोडू नये; तिचा धक्का सौम्य असतो आणि २५ मीटरच्या स्पर्धांतही ती चालते. .३२ चे रिव्हॉल्व्हर आणि .३२ चे पिस्तूल दोन्ही असतील, तर एकच ठेवावे, कारण आकडा सारखा दिसला तरी त्यांची काडतुसे वेगळी असून ती अदलाबदल करून वापरणे धोक्याचे आहे. माझा कौल (सवयीचा भाग म्हणा) रिव्हॉल्व्हरला आहे. सोडलेले शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करून पावती जपून ठेवावी.