पणजीतलं छोटं, जुनं नाट्यगृह एका संध्याकाळी कसं पाहावं?

तुम्ही विचारलंय की कोल्हापूरहून आई-वडिलांना घेऊन येताय, पणजीत एकच संध्याकाळ आहे, आणि एखादं जुनं, लहानसं नाट्यगृह आतून पाहायचंय.

मग मॅकिनेझ पॅलेस. वाडा १७०२ सालचा. १८४२ साली सुरू झालेलं वैद्यकीय विद्यालय पुढे याच आवारात वाढलं. कॉलेज बांबोळीला गेलं आणि २००४ साली इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, गोव्यात आला, तेव्हा वाडा चित्रपटांसाठी सज्ज झाला. आता तो गोवा मनोरंजन सोसायटीकडे आहे. टॅक्सीवाल्याला नुसतं 'मॅकिनेझ' सांगितलं तर कदाचित कळणार नाही. 'जुनं जीएमसी (गोवा मेडिकल कॉलेज), आयनॉक्सकडे' म्हणा. फक्त आयनॉक्स या चित्रपटगृहाच्या दारात शिरू नका, वाडा त्याच्या शेजारी आहे.

इथे रोज खेळ नसतो, आणि खेळ नसला की वाड्यातल्या सभागृहाला कुलूप असतं. बहुतेकांचा हिरमोड इथेच होतो. म्हणून आधी कार्यक्रम पक्का करा, मग खोली बुक करा. सोसायटीच्या कार्यालयात फोन करून त्या आठवड्यात काय आहे ते विचारा. गोव्यातल्या मराठी दैनिकांत स्थानिक कार्यक्रमांच्या बातम्या असतात, त्याही चाळा. काहीच नसेल तर कामाच्या दिवशी दुपारी जाऊन, आत नुसतं डोकावता येईल का, असं विचारायला हरकत नाही. हो म्हणतीलच असं नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धात मात्र येऊ नका. इफ्फीच्या दिवसांत प्रतिनिधी-पास नसेल तर आत सोडत नाहीत.

नाटकच पाहायचं असेल तर त्याच रस्त्याने मिरामारच्या दिशेला पंधरा मिनिटं चालत गेलात की कला अकादमी. तिथलं दीनानाथ मंगेशकर कला मंदिर हे सभागृह ना लहान, ना फार जुनं. तरी माझा कौल तिलाच, कारण ज्येष्ठांना घेऊन बंद दार पाहायला जाण्यात अर्थ नाही. इमारतीचे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया. सभागृहाच्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक जुन्या नाट्यगृहातल्यासारखे सज्जांत बसलेत. दिवे मंदावल्यावर ते धड दिसत नाहीत. त्यासाठी पहिल्या घंटेआधी वीस मिनिटं आत या, मधल्या वाटेवर उभं राहून दोन्ही बाजू बघा, मग बसा. खुर्ची तिसऱ्या ते सहाव्या रांगेत, वाटेलगतची घ्या: चेहरे दिसतात आणि मध्यंतरात वडीलधाऱ्यांना कुणाचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. बाल्कनीचं तिकीट स्वस्त असलं तरी पायऱ्यांचा विचार करा.

जुनेपणाची हौस राहिलीच तर दिवसाउजेडी आझाद मैदानाजवळच्या मिनेझेस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशकक्षात डोकवा. निळ्या-पांढऱ्या फरशांवर चित्रकार जॉर्ज कोलासो यांनी पोर्तुगीज महाकाव्यातले प्रसंग रंगवलेत.

गाडी कांपालच्या, म्हणजे कला अकादमीच्या परिसराच्या, बाजूला लावा. बांदोडकर मार्गावर संध्याकाळी कॅसिनोंची गर्दी होते, शुक्रवार-शनिवारी तर विचारू नका. पावसाळ्यात जोरदार सर आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की गटारांचं पाणी नदीत जाऊ शकत नाही आणि 'अठरा जून' नावाच्या रस्त्यावर साचतं. त्या दिवशी अर्धा तास हाताशी ठेवा. कदंबा बसस्टँडवरून येत असाल तर मिरामारकडे जाणारी मिनीबस पकडा. एकट्या माणसाला मोटारसायकलवरचा पायलट (भाड्याने दुचाकीवरून नेणारा) बरा, पण आईंना त्यावर बसवू नका.

परतीची सोय मात्र जाण्याआधीच करा. गोव्यात बस रात्री लवकर आटोपतात, आणि साडेदहाला नाटक सुटलं की टॅक्सीवाला सांगेल तो भाव द्यावा लागतो. मुक्काम मडगाव-म्हापशाला असेल तर जाता-येताची गाडी एकत्रच ठरवा, नाहीतर एक रात्र पणजीतच काढा.