एवढी प्रार्थना करूनही सुटत नाही, मग माझा विश्वासच खोटा का?

"ताई, प्रार्थना करतो, उपास करतो, तरी सुटत नाही. माझ्या विश्वासातच खोट असेल का?"

गोव्यातल्या वास्कोत समुपदेशन करताना गेली सोळा वर्षं हा प्रश्न मी ऐकते आहे. कुणाची दारू असते, कुणाचा गुटखा, कुणाचा रात्री दोनपर्यंत मोबाइलवर चालणारा जुगार. सवय बदलते, प्रश्न तोच राहतो. गेल्या महिन्यात तिघांनी विचारला, म्हणून लिहायला बसले. एका गृहस्थांची हकिगत सांगते, त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

गृहस्थ मूळचे मिरजेकडचे, बंदराजवळच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर. वय ४५च्या आसपास. चर्चमधली रविवारची मराठी उपासना कधी चुकवली नाही, तरुणपणी तिथल्या मंडळीत पेटी वाजवायचे. पहिल्या भेटीला पत्नी घेऊन आली. मी चहा पुढे केला, पण त्यांनी कप उचलला नाही. संकोच वाटत असेल, असं मला वाटलं. मग दिसलं, दोन्ही हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले होते. सकाळचे दहा वाजले होते.

"शेवटची कधी घेतलीत?"

"काल रात्री. आजपासून बंद. देवाला शब्द दिलाय."

"याआधी किती वेळा दिला होता?"

पत्नी काही बोलणार होती, मी हातानेच थांबवलं. ते म्हणाले, "आता मोजत नाही."

त्या दिवशी मी समुपदेशन केलंच नाही. त्यांना बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयात पाठवलं. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. थरथर कापणारे हात ही धोक्याची खूण आहे. अशा माणसाला उपास करायला लावून खोलीत बसवू नका, मग त्याचा आणि तुमचा विश्वास कितीही मोठा असो.

ते तयार नव्हते. "डॉक्टरकडे गेलो म्हणजे देवावर भरवसा नाही असंच झालं ना?"

"तुमच्या आई मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात आया होत्या ना?" मी विचारलं. "डॉ. वॉनलेस यांनी ते १८९४ साली सुरू केलं. ते मिशनरी होते. त्यांचा देवावर भरवसा नव्हता का? आणि बायबलमध्ये पौल ज्याला प्रिय वैद्य म्हणतो, तो लूक कोण होता?" आईचं नाव निघाल्यावर ते निमूट उठले.

दहा दिवसांनी घरी आले. तेराव्या दिवशी पुन्हा प्याले.

त्यानंतरच्या दोन भेटी वादातच गेल्या. येशूनेच काना गावी पाण्याचा द्राक्षारस केला, पौलाने आपला सहकारी तीमथ्य याला पोटासाठी थोडा घ्यायला सांगितला, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मी वाद घातला नाही. वचनांची ढाल पुढे करणारा माणूस आतून किती घाबरलेला असतो, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. चौथ्या भेटीत मी एक साधा प्रश्न विचारला आणि तो आधीच विचारायला हवा होता असं आजही वाटतं.

"प्रार्थना कधी करता?"

"रात्री. सगळे झोपले की गुडघ्यांवर बसतो. तासभर. रडतो."

"पिऊन आल्यावर."

"हो."

"आणि साडेपाचला? वर्कशॉपमधून सुटल्यावर, बारकडे वळताना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही अभद्र बोलले. "तेव्हा कशी करणार, ताई? तोंडाला पाणी सुटलेलं असतं. त्या तोंडाने देवाचं नाव घ्यायचं?"

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मी म्हटलं, "आदाम झाडांआड लपला होता तेव्हा देवाने काय विचारलं?"

"तू कोठे आहेस," ते म्हणाले. मग बराच वेळ काही बोलले नाहीत. शेवटी म्हणाले, "मी रोज साडेपाचला लपतो."

त्या रात्री वहीत मी एवढंच लिहिलं: प्रार्थना खरी आहे, तिची वेळ चुकते आहे. सोळा वर्षांत मला जे उमगलं त्यातलं सगळ्यांत मोलाचं हेच, असं मी मानते. सवयीला ठरलेली वेळ असते, ठरलेला रस्ता असतो, बहुधा ठरलेली भूकही असते. आपली प्रार्थना मात्र तिथे पोहोचतच नाही, कारण त्या घडीला आपल्याला लाज वाटते. ती पोहोचते रात्री, सगळं होऊन गेल्यावर, माफी मागायला आणि उद्याचा शब्द द्यायला. शब्द दिला की मन हलकं होतं आणि हलक्या मनाने माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच रस्त्याला लागतो.

मग आम्ही ठरवलं. रात्रीचे शब्द बंद, शपथा बंद. साडेपाचला गेटमधून बाहेर पडताना फक्त खरं बोलायचं: "प्रभू, मला आत्ता प्यावंसं वाटतंय." सोडव म्हणायचं नाही, क्षमा कर म्हणायचं नाही. दुपारी बारानंतर त्यांच्या पोटात काही नसायचं, म्हणून लगेच समोरच्या टपरीवर बसून पाव-भाजी खायची आणि तिथूनच मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना फोन करायचा. तलफ लाटेसारखी असते. बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण तासात ओसरते, तेवढा वेळ एकटं राहायचं नाही. पुढच्या भेटीत ते म्हणाले, "ताई, 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' हे मी लहानपणापासून म्हणतो. 'आज' हा शब्द परवा पाव मोडताना पहिल्यांदा ऐकू आला." हे मी शिकवलेलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

सहा आठवड्यांनी मिरजेला एका लग्नात ते प्याले. पण त्याच रात्री मांडवामागून मला फोन केला. आधी असं काही झालं की तीन-तीन दिवस तोंड लपवायचे आणि त्या तीन दिवसांत पीतच राहायचे. मला तो फोन विजयासारखा वाटला.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. विश्वास कमी म्हणून सवय सुटत नाही, असं मी मानत नाही. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवलं, तो निघाला नाही. त्याला उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे आहे. त्याला अविश्वासू कोण म्हणेल? १९३५ साली अमेरिकेत दोन दारुड्यांनी एकमेकांशी बोलत अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची सुरुवात केली. त्यांची पहिली पायरीच ही आहे की आपलं बळ पुरत नाही हे कबूल करायचं. गोव्यातही त्यांच्या सभा होतात, जरूर जा. ज्यांचे हात अजून कापत नाहीत, पण पिणं हाताबाहेर चाललं आहे, त्यांनी तर मदत घ्यायला उशीर करूच नये. गोव्यातल्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये झालेला एक अभ्यास २०१७ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. डॉक्टर नसलेल्या, पण नीट शिकवलेल्या माणसांशी झालेल्या मोजक्या भेटींचासुद्धा अशा पुरुषांना उपयोग झाल्याचं त्यात दिसलं. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

घरच्यांना आणि पाळकांना हात जोडून सांगते, "तुझा विश्वास खरा असता तर कधीच सुटली असती" हे वाक्य तोंडातून काढू नका. या वाक्याने बारपर्यंत पोहोचलेली माणसं मी पाहिली आहेत. याकोबाच्या पत्रात पातकं एकमेकांजवळ कबूल करा असं लिहिलं आहे. पण ज्याच्याजवळ कबूल करायचं, तो ऐकून घेणारा हवा ना?

परवा त्यांची पत्नी एकटीच आली. एक वर्ष होत आलं, हे सांगायला. जाता जाता दारात थांबली. "पूर्वी रात्री तासभर रडत प्रार्थना करायचे. आता दोन ओळी म्हणतात आणि घोरायला लागतात. एवढीशी चालते ना, ताई?"

मी म्हटलं, झोपू दे त्यांना.